त्रेसष्ट उमेदवार आणि मी

१० नोव्हेंबर २००३, सोमवार
समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची मीटिंग. यंदा मेळावा आपल्या समुद्रपूरला, २८ डिसेंबर. अध्यक्ष प्रभाकरराव.
मुख्य विषय, उमेदवारांना स्टेजवर कोणत्या क्रमाने बोलवायचं. मागच्या वर्षी यावरून कॉलर धरण्यापर्यंत गेलं होतं. पदाधिकाऱ्यांचे भाचे-पुतणे सकाळी, बाकीचे जेवणानंतर. जेवणानंतर पब्लिक पेंगतं आणि चारपासून गावोगावच्या एसट्या सुटतात. मला पाच वाजून दहा मिनिटांनी बोलावलं होतं. समोर मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. मी पूर्ण मिनिटभर बोललो. गर्दी नसल्यामुळे आवाज स्वच्छ गेला.
आज उभा राहून सांगितलं, यंदा क्रम कॉम्प्युटर ठरवेल. प्रभाकरराव म्हणाले, डब्यात चिठ्ठ्या टाकल्या त नाई होत काय? मी म्हणालो, चिठ्ठीचा कोपरा मोडता येतो. कॉम्प्युटरला भाचे-पुतणे नसतात. टाळ्या पडल्या. दोघांनीच वाजवल्या, पण मनापासून.
एकूण फॉर्म त्रेसष्ट. मुदत संपली. मी यंदा भरला नाही. आता मी तांत्रिक समितीत आहे. समितीत एकटाच असल्यामुळे मतभेद होणार नाहीत.

११ नोव्हेंबर
संकल्प. एक, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. दोन, रोज पहाटे नदीपर्यंत चालणे. तीन, जावास्क्रिप्ट आठ दिवसांत संपवणे. पुस्तक दोन वर्षांपूर्वी नागपूरला सीताबर्डीवरून आणलेलं आहे. वीस पानं वाचून झालीत. म्हणजे सुरुवात केव्हाच झाली.

१२ नोव्हेंबर, सकाळी ८
चाललो नाही. थंडी.
खर्रा खाल्ला. विचार करायला लागतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिला प्रोग्राम चालला! नोटपॅडमध्ये लिहिला, एक्सप्लोररमध्ये उघडला. रीत सोपी. मॅथ डॉट रँडम म्हटलं की कॉम्प्युटर शून्य ते एकमधला कुठलातरी अपूर्णांक देतो. त्याला त्रेसष्टने गुणायचं, दशांशाचं शेपूट कापायचं, एक मिळवायचा. झाला एक ते त्रेसष्टमधला नंबर. फॉर लूप लावून हेच त्रेसष्ट वेळा. प्रत्येक नंबर छोट्या चौकटीत येतो, ओके दाबलं की पुढचा.
अडचण एवढीच की काही नंबर पुन्हा पुन्हा येतात आणि काही येतच नाहीत. सतरा चार वेळा आला. पुन्हा चालवलं. सतरा तीन वेळा.
माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आठ टाइपरायटर, एक कॉम्प्युटर आणि सध्या एक विद्यार्थिनी, सुलोचनाबाई. अंगणवाडीत आहेत. ऑफिसात जागा मिळावी म्हणून मराठी टायपिंगची तीसची परीक्षा तिसऱ्यांदा देतायत. त्यांना सतराचं सांगितलं. म्हणाल्या, एकच पोट्टं चारदा खिचडी घ्याले आल्यासारखं झालं सर. त्यांना कॉम्प्युटरचं काय कळणार.

१५ नोव्हेंबर
केवळ तांत्रिक कारणासाठी फॉर्मची फाइल उघडली. क्रमांक सतरा. हर्षा. वय एकतीस. सेवाग्रामला दवाखान्यात लॅब टेक्निशियन. अपेक्षा: समजूतदार, निर्व्यसनी.
फोटोत हसलेली नाही. मला हसऱ्या फोटोंचा विश्वास वाटत नाही.
आजपासून खर्रा खरंच बंद.

१६ नोव्हेंबर, रविवार
विचार केला. प्रोग्राममध्ये कोणाचा हात नाही. कॉम्प्युटर हर्षाबाईंना ओळखत नाही, मला ओळखतो. तरी सात वेळा तीच. विज्ञानाकडे इतकं दुर्लक्ष करणं बरं नाही.
इन्स्टिट्यूट बंद असूनही जाऊन बसलो. पूर्वी इथे एका बॅचला आठ-आठ जण असायचे, असा खडखडाट की रस्त्यावरची एसटी ऐकू येत नसे. आता सीपीयूचा पंखा ऐकू येतो. डबा तिथेच खाल्ला, कॉम्प्युटर चालू ठेवून. त्या आवाजाने कोणीतरी असल्यासारखं वाटतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पुनरावृत्ती काढायची. यात सतरा एकदाच येईल याचं वाईट वाटतं, पण न्याय म्हणजे न्याय. लूपच्या आत लूप. नवा नंबर आला की आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहायचा, आधी आलेला असेल तर सोडून द्यायचा.
चालवलं. एकही नंबर दोनदा नाही! यादीत एकूण एकेचाळीस.
बाकीचे बावीस उमेदवार कुठे गेले ते कळत नाही.

२४ नोव्हेंबर
अजून एकेचाळीस. कधी चाळीस, एकदा अडतीस. कॉम्प्युटर जुना आहे.
सुलोचनाबाई मध्येच म्हणाल्या, मी अंगणवाडीत काय करतो पाहा सर, दुसऱ्यांदा आलेल्याले हाकलतो, पन त्याचं ताट मोजत नाई. सगळे पोट्टे जेवल्याशिवाय वाढनं थांबवत नाई.
रात्री अंथरुणात लक्षात आलं की नेमकं हेच करायला हवं. त्रेसष्ट वेळा नंबर काढायचा नाही, यादीत त्रेसष्ट जमेपर्यंत काढत राहायचं. व्हाइल लूप. मला हे सुचणारच होतं. त्या फक्त आधी बोलल्या.

२७ नोव्हेंबर
व्हाइल लूप पूर्ण लिहिला. सेव्ह करणार तेवढ्यात लाइट गेली. आज लोडशेडिंग सकाळऐवजी दुपारी होतं हे वीज मंडळाने मला कळवायला हवं होतं.

३ डिसेंबर, बुधवार
त्रेसष्ट! सगळे वेगळे, कोणी सुटलेला नाही. तीनदा तपासले, सुलोचनाबाईंकडून चौथ्यांदा.
प्रभाकररावांना बोलावून प्रात्यक्षिक दिलं. त्रेसष्ट वेळा ओके दाबेपर्यंत बसून होते, मध्ये एकदा डुलकी लागली असावी. जाताना बाहेर कोणाला तरी म्हणाले, पोट्टा हुशार आहे. पोट्टा म्हणाले. वय दिसत नाही असा अर्थ.

८ डिसेंबर
त्रेसष्ट जमल्याचा आनंद कोणाला सांगावा हे पाच दिवस झाले तरी सुचेना. घरमालकीण मनकर्णाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांना सांगितलं. म्हणाल्या, बरं झालं बाप्पा, पन बाकीच्याइचे लगन लावून राह्यला, तुह्यं काय?
मी म्हणालो, मी तांत्रिक समितीत आहे.
त्या म्हणाल्या, समिती काय भाकर टाकून देईन?
खालच्या मजल्यावर राहून त्यांना सगळं ऐकू येतं. रोज एकच ताट घासल्याचा आवाजसुद्धा.

१५ डिसेंबर, सोमवार
फॉर्म भरला. विशेष बाब म्हणून, विलंब शुल्कासह. समितीतल्या माणसाने भाग घेतला नाही तर लोकांचा प्रोग्रामवर विश्वास कसा बसेल? हा केवळ विश्वासाचा प्रश्न आहे.
वय छत्तीस लिहिलं. छत्तीस पूर्ण झालेलीच आहेत. सदतीस आणि अडतीसही झालीत, पण तेवढं विचारलेलं नव्हतं.
प्रभाकरराव म्हणाले, पुस्तिकेत नाव नाई येनार पन, छापून आली. मी म्हणालो, हरकत नाही. पुस्तिकेत नसलेला माणूस जास्त लक्षात राहतो.
माझा क्रमांक चौसष्ट.

१६ डिसेंबर
प्रोग्राममध्ये त्रेसष्ट हा आकडा दोन ठिकाणी आहे. एक खाली, लूप कधी थांबवायचा तिथे. एक वर, जिथे मॅथ डॉट रँडमला त्रेसष्टने गुणलंय तिथे. खालचा चौसष्ट केला. वरची ओळ पहिल्या दिवसापासूनची आहे, एकदाही चुकली नाही. चाललेल्या ओळीला हात लावायचा नाही हा माझा नियम.
चालवलं. त्रेसष्ट नंबर भराभर आले. मग पडदा थिजला. थोड्या वेळाने पाटी, या पानामुळे कॉम्प्युटर हळू चालतो आहे, थांबवू का? नाही दाबलं. पुन्हा पाटी. नाही. असं चौदा वेळा.
कारण उघड आहे. शेवटचा नंबर सापडायला सगळ्यात वेळ लागणार. बाकी सगळे घेतले गेलेले असतात, एकटाच उरलेला असतो, त्याला शोधायचं म्हणजे सोपं नाही. जेवून येईपर्यंत चालू ठेवला.
आल्यावरही शोधतच होता.

१७ डिसेंबर
अजून तेच. ओळी मोठ्याने वाचून पाहत होतो, मशीनवरून सुलोचनाबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, सर, चिठ्ठ्या त्रेसष्टच केल्या अन् मानसं चौसष्ट मागून राह्यले, मंग कुठून येईन?
मी त्यांना सांगितलं की हे खिचडीचं काम नाही. आवाज जरा चढला. नंतर अर्धा तास त्यांच्या मशीनचा आवाज नीट येत नव्हता. मला वाईट वाटलं. माफी मागणार होतो. त्या वेळेआधी गेल्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार
सुटला! खालचा आकडा पुन्हा त्रेसष्ट केला. त्रेसष्ट जमले की लूप थांबतो, कॉम्प्युटर थिजत नाही.
एक उमेदवार राहील हे मान्य. पण दरवर्षी दोन-चार गैरहजर असतातच. आणि राहणारा कोण हे मी ठरवत नाही, मॅथ डॉट रँडम ठरवतो. माझा नंबर राहण्याची शक्यता चौसष्टात एक. टक्केवारीत दीड. असल्या शक्यतांची धास्ती घेऊन माणूस जगू शकत नाही.
जो कोणी बिचारा राहील त्याच्याबद्दल वाईट वाटतंच. एवढ्या लांबून, इस्त्रीचे कपडे घालून येईल. त्याला स्वतः शोधून चहा पाजीन.

२४ डिसेंबर
एका मिनिटाचं भाषण तयार. घड्याळ लावून म्हणतो. अठ्ठावन्न सेकंद. 'नमस्कार, माझं नाव भूपेंद्र. माझी स्वतःची इन्स्टिट्यूट आहे. मला शांतता आवडते' असं होतं. शेवटचं वाक्य खोडलं. शांतता भरपूर झाली. त्याऐवजी 'मला माणसं आवडतात' घातलं.
मनकर्णाबाईंनी खालून विचारलं, कोनाशी बोलून राह्यला रे? म्हणालो, फोन आहे. त्या म्हणाल्या, तुह्या घरी कुठी आहे फोन?

२७ डिसेंबर, शनिवार, सायंकाळी
प्रभाकररावांसमोर अंतिम यादी काढली. आपण ती पाहायची नाही असा मी शब्द दिला होता. म्हणून प्रिंटर करकरत होता तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाकीट बंद, वर माझी सही. प्रभाकरराव म्हणाले, एवढं कशाले बे? प्रामाणिकपणा लोकांना समजत नाही.
केसांना मेंदी. थोडी कपाळाला लागली. उद्यापर्यंत जाईल.

२८ डिसेंबर, रविवार, सकाळी ७
मेंदी गेली नाही. पण कोट चांगला दिसतो. धाकट्या भावाच्या लग्नातला आहे. बटण लागत नाही, पण हल्ली बटण न लावायची पद्धत आहे.
खर्रा नाही. सलग दोन तास.

सकाळी ११.१५
हॉल भरला. माझ्या कोटावर गुलाबी बिल्ला, 'कार्यकर्ता'. यामुळे इतर उमेदवारांत उठून दिसतो.
प्रभाकररावांनी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि माइकवर जाहीर केलं की क्रम कॉम्प्युटरनं काढला हाय, कोनाचंच ऐकलं नाई. आता नंबर सुरू. पुढचे चार-पाच जण स्टेजच्या बाजूच्या खुर्च्यांवर रांगेत बसवतात. ही व्यवस्था माझीच.

११.४०
सतरा नंबर बारावा पुकारला गेला. त्याच्या जरा आधी हर्षाबाई स्वतः माझ्याकडे आल्या. फोटोपेक्षा उंच. विचारलं, भाऊ, माझा नंबर लवकर आहे का, मला अडीचची गाडी आहे. मी म्हणालो, सगळं कॉम्प्युटरच्या हातात आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, एवढं तुम्ही एकट्यांनी केलं? वहिनी नाई आल्या काय?
मी म्हणालो, नाही, आज घरीच.
हे मी का म्हणालो ते मला कळत नाही. पण चौसष्ट पुकारला की सगळं आपोआप स्पष्ट होईल.
तेवढ्यात पुकारा झाला, त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. शेजारच्या खुर्चीवर एकेचाळीस नंबर, कुठल्याशा शाळेत मास्तर. त्याने त्यांना पाण्याचा ग्लास दिला. पाण्याची व्यवस्थाही माझीच.

दुपारी १.०५
जेवण. सदतीस झाले. माझा अजून नाही. चांगलं आहे. अनुभवी माणूस उत्तरार्धात लागतो.

३.३०
पन्नास. हर्षाबाई अडीचच्या गाडीने गेल्या नाहीत. एकेचाळीस नंबरचा मास्तरही गेला नाही. गेटजवळ दोघं उभी आहेत. बहुधा गाडीची चौकशी.
पुढच्या पाचांत बसून घ्यावं का? पण नंबर न पुकारता बसणं नियमाविरुद्ध.

४.५५
एकसष्ट. बासष्ट.
कोट झटकला. भाषण खिशात आहे, पाठ आहे.

५.०५
त्रेसष्टावा बोलला. उमेदवार क्रमांक चार होता.
प्रभाकररावांनी कागद उलटा करून पाहिला, मागे कोरा होता. घडी करून खिशात ठेवला.

२९ डिसेंबर, सोमवार
काल पुढे काय झालं ते लिहून ठेवलं पाहिजे.
आभार सुरू झाले. माझं नाव घेतलं. स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. प्रभाकरराव माइकवर म्हणाले, पाच वर्षांत पहिल्यांदा एकही तक्रार नाई, एकही उमेदवार सुटला नाई. मग माइक माझ्या हातात दिला. दोन शब्द बोल म्हणाले.
पाच वाजून दहा मिनिटं. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. मागे खुर्च्या एकात एक जात होत्या. माइक चालू होता. 'एक उमेदवार राहिला आहे' एवढंच म्हणायचं होतं. पाच सेकंदांचं वाक्य. पण मग कॉम्प्युटर चुकला असं झालं असतं. टाळ्या आताच पडल्या होत्या, यावेळी सगळ्यांनी वाजवल्या होत्या.
मी म्हणालो, एकही उमेदवार राहिलेला नाही. हे लूपमुळे शक्य झालं.
मग लूपबद्दल बोललो. बरंच बोललो.
खाली उतरलो. ठरल्याप्रमाणे राहिलेल्या उमेदवाराला चहा पाजला. एकच कप लागला.

२ जानेवारी २००४, शुक्रवार
संकल्प. खर्रा बंद. कोट विकणे. जावास्क्रिप्टऐवजी दुसरं काहीतरी.
मनकर्णाबाईंनी नारळ फोडून ओल्या खोबऱ्याच्या वड्या केल्या, अर्ध्या वर पाठवल्या. एकट्याला चार दिवस पुरल्या.

१८ जानेवारी, रविवार
प्रभाकरराव पत्रिका घेऊन आले. हर्षाबाई आणि एकेचाळीस नंबर, फेब्रुवारीत. पहिल्यांदा बोलणं खुर्चीवर झालं म्हणे, नंबर लागून आले म्हणून. म्हणाले, तुह्या कॉम्प्युटरनंच जमवलं लेका, त्याइनं मुद्दाम तुले बोलावलं हाय. जाताना दारात थांबले. विचारलं, काऊन रे, तूनं पन फॉर्म भरला होता ना? मंग तू कवा बोलला? मी तवा जेवाले गेलतो काय?
मी हो म्हणालो. छान झालं होतं म्हणालो.

१९ जानेवारी, सोमवार, सकाळी ११
सुलोचनाबाई पास झाल्या. पेढे आणले. आता पुढची, चाळीसची परीक्षा देणार, त्यासाठी आजपासून परत येणार. मी त्यांची त्या दिवसाची माफी मागितली. त्यांनी विचारलं, कोनत्या दिवसाची? मग आपल्या मशीनवर बसल्या.
प्रोग्राम उघडला. वरच्या ओळीत त्रेसष्ट आहे. त्रेसष्टने गुणलं तर त्रेसष्टच्या वर काही येऊ शकत नाही. चौसष्ट कितीही वेळा काढला असता तरी निघाला नसता. दिवसभर नाही, वर्षभर नाही. दीड टक्का वगैरे काही नव्हतं. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.
दोन्हीकडे चौसष्ट केलं. चालवलं. ओके, ओके, ओके. अकराव्या वेळी चौकटीत चौसष्ट आला.
अकरावा. सकाळची वेळ. तेव्हा हॉल भरलेला होता.
ओके दाबलं नाही. का कोण जाणे, उठून उभा राहिलो. समोर सात टाइपरायटर, कव्हर घातलेले. नमस्कार, माझं नाव भूपेंद्र, एवढं तोंडातून निघून गेलं.
सुलोचनाबाईंच्या मशीनचा आवाज थांबला. वळून पाहत होत्या. म्हणाल्या, बोला ना सर, मी ऐकून राह्यली.
अठ्ठावन्न सेकंदांचं सगळं अजून पाठ होतं.
मी म्हणालो, काही नाही, डावीकडे मार्जिन सोडून टाइप करा.